हा ठिपका थांबत का नाही?

२३ एप्रिल २०१५ रोजी अमेरिकेतला नॅसडॅक निर्देशांक मार्च २०००मधला स्वतःचा विक्रम मोडून त्याच्या वर बंद झाला. त्याच सुमाराला 'वॉल स्ट्रीट जर्नल'ने एक वेगळाच आलेख प्रसिद्ध केला. नॅसडॅकच्या २१ वर्षांचा हा आलेख नुसता बघायचा नव्हता, त्याच्यावरून चालायचं होतं. फोन गुगल कार्डबोर्डच्या पुठ्ठ्याच्या डबीत सरकवायचा, डबी डोळ्यांना लावायची, की तुम्ही थेट रेषेवर उभे. शेअरच्या किमती कंपन्यांच्या कमाईच्या किती पट आहेत, हे त्या रेषेची उंची सांगते. ती हळूहळू चढत जाते, २०००च्या शिखरावर पोचते आणि मग तुम्ही तिथून खाली येता. पोटात गोळा येतो.

डेटा आणि आभासी वास्तव, म्हणजे व्हीआर, यांची सांगड घालणाऱ्या कामांबद्दल कुठेही बोलणं निघालं की हे उदाहरण हमखास येतं. मी ते बऱ्याच उशिरा बघितलं, आणि मजा आली. पण त्याच्या शीर्षकातच एक प्रश्न विचारलेला होता: नॅसडॅक पुन्हा एकदा फुगलाय का?

या प्रश्नाचं उत्तर द्यायचं तर २०००ची उंची आणि २०१५ची उंची शेजारी-शेजारी ठेवून बघायला हवी. रेषेवरून चालताना नेमकं तेवढंच जमत नाही. तुम्ही २०१५मध्ये पोचता तेव्हा २०००चा डोंगर पाठीमागे, लांब राहिलेला असतो. मान वळवून बघितलंत तरी तो दूर असल्यामुळे लहान दिसतो. साध्या कागदावरचा आलेख हे काम दोन सेकंदांत करतो: इथे एक टोक, तिथे दुसरं, आणि मधलं अंतर डोळ्यांसमोर. उत्तर हवं असेल तर कागद बघा, भीती अनुभवायची असेल तर डबी लावा.

भीतीला कमी लेखायचं कारण नाही. २००० साली ज्यांचे पैसे बुडाले, त्यांच्या पोटात काय झालं असेल याची थोडी तरी कल्पना त्या उतारावर येते. फक्त ती कल्पना म्हणजे शीर्षकातल्या प्रश्नाचं उत्तर नव्हे, आणि डबी काढल्यावर आपल्याला उत्तर मिळाल्यासारखं वाटत राहतं. माझी तक्रार या वाटण्याबद्दल आहे.

भिंतीला टेकवलेली मुलं

दोन मुलांमध्ये उंच कोण, हे ठरवायला आपण काय करतो? दोघांना एकाच भिंतीला टेकवून उभं करतो, डोक्यावर पट्टी ठेवतो आणि पेन्सिलने खूण करतो. एकाला दारात आणि दुसऱ्याला गल्लीच्या टोकाला उभं करून अंदाज बांधत बसत नाही.

विल्यम क्लीव्हलंड आणि रॉबर्ट मॅकगिल या संख्याशास्त्रज्ञांनी १९८४मध्ये हेच प्रयोग करून दाखवलं. आलेखातल्या कुठल्या खुणा माणसाला अचूक वाचता येतात, हे त्यांनी तपासलं. एकाच मापपट्टीवरची जागा सगळ्यात अचूक वाचता येते. लांबी आणि कोन त्याच्या खाली. क्षेत्रफळ आणखी खाली, आणि घनफळ त्याच्याही खाली. म्हणूनच स्तंभालेख कंटाळवाणा दिसला तरी शेकडो वर्षं टिकून आहे. तो मुलांना भिंतीला टेकवतो.

व्हीआर नेमकी ती भिंत काढून घेतं. सगळं खोलीत तरंगत असतं. जवळचं मोठं दिसतं, लांबचं लहान, आणि पुढचा ठिपका मागच्याला झाकतो. आकार खरा आहे की अंतरामुळे तसा दिसतोय, हे ठरवण्यात मेंदू अडकतो. साध्या स्लाइडवरच्या थ्रीडी पाय-चार्टला आपण सगळे हसतो ना? त्याच चुकीच्या आत आता चालत जाता येतं, एवढंच.

मग या सगळ्याला मोडीत काढावं का? नाही. या क्षेत्रात काही कामं अशी आहेत की ज्यांना तिसऱ्या मितीची खरोखर गरज होती. त्यातल्या एकाचा धागा पुण्यापर्यंत येतो.

आकाशाचा तक्ता

खगोलशास्त्रज्ञांकडचा डेटा आपल्या कल्पनेपेक्षा बराच रुक्ष असतो. दुर्बिणीतून येणारी देखणी चित्रं थोडी, आणि तक्ते लांबलचक. एकेका ताऱ्याची एक ओळ, त्या ओळीत तेजस्विता, रंग, तेज किती दिवसांनी कमी-जास्त होतं, असे ढीगभर रकाने. अशा ओळी कोट्यवधी.

पुण्याच्या आयुकाने या शतकाच्या सुरुवातीला पर्सिस्टंट सिस्टिम्सच्या अभियंत्यांना सोबत घेऊन अशा तक्त्यांसाठी 'व्हीओप्लॉट' नावाचं सॉफ्टवेअर तयार केलं. प्राध्यापक अजित केंभावी या आभासी वेधशाळा प्रकल्पाचे धुरीण. कुठले दोन रकाने घ्यायचे ते निवडा, आलेख काढा, त्यातला संशयास्पद पुंजका वेगळा काढा. फ्रान्समधल्या स्ट्रासबर्गच्या खगोलीय माहिती केंद्रानेही ते आपल्या सेवांना जोडून घेतलं. पुढे त्याचं त्रिमित भावंडही आलं. पुण्यातल्या सॉफ्टवेअर कंपनीतल्या लोकांनी ताऱ्यांसाठी कोड लिहिला, ही गोष्ट आम्हाला इंजिनिअरिंगच्या चार वर्षांत कुणी सांगितली नाही. सांगायला हवी होती.

आयुकातूनच पीएच.डी. केलेले आशिष महाबळ पुढे अमेरिकेतल्या कॅलटेकमध्ये गेले. तिथे जॉर्ज जॉर्गोव्स्की, चिरो डोनालेक आणि इतरांसोबत २०१४मध्ये त्यांनी एक शोधनिबंध लिहिला. विषय: आभासी वास्तवात, एकत्र जमून, डेटा कसा बघता येईल. नुकतेच आलेले गेमिंगचे हेडसेट आणि हातांच्या हालचाली टिपणारी स्वस्त उपकरणं त्यांनी कामाला लावली. ठिपक्याची जागा तीन रकाने दाखवते. शिवाय रंग एक, आकारमान एक, पारदर्शकता एक. म्हणजे एका ठिपक्यावर सहा-सात रकाने बसले, आणि दोन शहरांतले दोन शास्त्रज्ञ त्याच ढगात उभं राहून 'हा पुंजका बघ' असं म्हणू शकले.

इथे तिसरी मिती शोभेची नाही, कारण प्रश्नच वेगळा आहे. कोण किती उंच, हे इथे विचारायचं नाही. या गर्दीत कुठे वेगळी टोळी आहे का, एखादा ठिपका सगळ्यांना सोडून एकटा उभा आहे का, हा प्रश्न आहे. दोन मितींत एकमेकांवर पडलेले पुंजके तिसऱ्या मितीत सुटे होऊ शकतात. भिंतीला टेकवून मोजण्याचं काम नंतर करता येतं, आधी कुणाला मोजायचं हे तर कळू दे.

पण तेवढ्यासाठी हेडसेट लागतोच असंही नाही. १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला स्टॅनफर्डच्या कणभौतिकी प्रयोगशाळेत जॉन ट्युकी, जेरोम फ्रीडमन आणि मेरी ॲन फिशरकेलर यांनी 'प्रिम-९' नावाची यंत्रणा उभी केली. ती नऊ मितींपर्यंतचा डेटा पडद्यावर ठिपक्यांच्या ढगासारखा गोल फिरवून दाखवायची. ढग फिरायला लागला की सपाट काचेवरही खोली दिसते, कारण जवळचे आणि लांबचे ठिपके वेगवेगळ्या तऱ्हेने सरकतात. आज हे तुम्ही फोनवर अंगठ्याने करू शकता. तेव्हा कुणी हेडसेट विकायला आला तर आधी विचारा: अंगठ्याने फिरवून जे दिसलं, त्याहून जास्त यात काय दिसतं?

या प्रश्नाला मला पटलेलं एक उत्तर ऑस्ट्रेलियातून आलं. मॅक्सिम कॉर्डेल आणि सहकाऱ्यांनी २०१७मध्ये 'इमॲक्सेस' नावाचं काम दाखवलं. त्यात हेडसेट लावला की समोर आलेख नसतो, नुसते अक्ष असतात. लाकडी काठ्यांसारखे. प्रत्येक काठी म्हणजे एक रकाना. दोन काठ्या हातात घेऊन काटकोनात धरल्या की त्यांच्यामध्ये ठिपक्यांचा आलेख तयार होतो. तिसरी जोडली की तो त्रिमित होतो. दोन काठ्या समांतर उभ्या केल्या की त्यांना जोडणाऱ्या रेषा उमटतात. नको असेल तर काढून बाजूला ठेवा.

नॅसडॅकच्या रेषेवर मला कुणीतरी फिरवून आणत होतं. वाट ठरलेली, कथा ठरलेली, शेवट ठरलेला. काठ्यांच्या खोलीत पुढे काय विचारायचं हे बघणारा ठरवतो. वयाने किंवा धीराने कमी असलेला माणूसही एक काठी उचलून 'पगाराला घरापासूनच्या अंतराशी लावून बघू' म्हणू शकतो. डेटा बघण्याच्या कुठल्याही साधनाची पारख मी आता यावर करते: त्यात प्रश्न कोण विचारतंय? बघणाऱ्याला जर फक्त थरार मिळत असेल, तर ती जत्रेतली पाळण्याची फेरी आहे. पाळणा वाईट नसतो, पण त्यात बसून कुणी हिशेब करत नाही.

काल्हेरचं गोदाम, हवेतलं

मी काल्हेरला राहते. ठाण्याकडून कशेळीचा खाडीपूल ओलांडला की पुढचं गाव. आमच्या बाल्कनीतून गोदामांचे पत्रे दिसतात, आणि रस्त्यावर रांगेत उभे कंटेनर. मुंबईत जकात होती त्या काळात मुंबईच्या हद्दीबाहेर माल ठेवणं परवडायचं, भिवंडीच्या ग्रामपंचायतींच्या हद्दीत जागाही स्वस्त, म्हणून इथे गोदामं वाढली. २०१७मध्ये जीएसटी आला, जकात गेली, गोदामं मात्र वाढतच राहिली. तुम्ही मुंबई-ठाण्यात बसून फोनवरून काही मागवत असाल, तर तुमचं पार्सल काल्हेर, पूर्णा, राहनाळ, दापोडा, मानकोली यांपैकी कुठल्यातरी पत्र्याखालून येण्याची बरीच शक्यता आहे.

माझं काम गोदामांच्या सॉफ्टवेअरचं. त्यामुळे मध्यंतरी एका विक्रेत्याचं प्रात्यक्षिक बघायला मिळालं: गोदामाचं 'डिजिटल जुळं'. हेडसेट लावला की तुम्ही हवेत तरंगत अख्खं गोदाम बघता. रॅक काचेसारखे पारदर्शक. गल्ल्यांमधून केशरी ठिपके वाहत असतात. प्रत्येक ठिपका म्हणजे एक पिकर, रॅकमधून माल काढून आणणारा कामगार. ठिपका मंद झाला की लाल होतो. खोलीतले सगळे वा वा करत होते, आणि ते खरंच सुंदर होतं. संध्याकाळी उंचावरून महामार्ग बघावा तसं.

आता हे बनतं कसं, ते सांगते. पिकरच्या हातात स्कॅनर असतो. तो रॅकच्या खणावरचा बारकोड स्कॅन करतो तेव्हा डेटाबेसमध्ये एक ओळ पडते: कोण, कुठला खण, किती वाजता. पुढचा माल काढला की पुढची ओळ. समजा एक ओळ १० वाजून ४ मिनिटांची, आणि पुढची १० वाजून ११ मिनिटांची. मधल्या सात मिनिटांबद्दल डेटाबेसला काहीही ठाऊक नाही.

तक्त्यात ही सात मिनिटं रिकामी दिसतात. व्हीआरमध्ये रिकामं ठेवता येत नाही. ठिपका कुठेतरी दाखवायलाच लागतो, आणि हलताना दाखवायला लागतो, नाहीतर तो इथून गायब होऊन तिथे उगवेल. मग प्रोग्राम दोन बिंदूंच्या मध्ये रेघ ओढतो आणि ठिपक्याला त्या रेघेवरून एकसारख्या वेगाने चालवतो. आमच्या भाषेत याला इंटरपोलेशन म्हणतात. साध्या मराठीत, मधलं अंतर अंदाजाने भरून काढणं. ते सगळीकडे वापरतात, आणि त्यात मुळात फसवणूक नाही. पण त्या खोलीत बसलेल्या कुणालाही वाटलं नाही की आपण बघतोय त्या चालण्यातलं बहुतेक चालणं कुणी मोजलेलंच नाही. माणूस सात मिनिटं 'रेंगाळत' चालला, हे त्यांनी डोळ्यांनी बघितलं होतं.

विक्रेत्याच्या जाहिरातीची क्लिप सगळ्यांसाठी खुली आहे. ती मी माझ्या मावसभावाला दाखवली. तो इथल्याच एका गोदामात पिकर आहे. त्याने फोन हातात घेऊन दोनदा बघितली.

"ताई, हा ठिपका थांबत का नाही कुठेच?"

मी म्हटलं, थांबायला कशाला हवा?

"अगं, शिडी दुसऱ्या गल्लीत असते, ती आणायची. फोर्कलिफ्ट आली की बाजूला उभं राहायचं. लेबल फाटलेलं असेल तर सुपरवायझरला शोधायचं. मे महिन्यात तर पत्रा असा तापतो की पाणी प्यायला जावंच लागतं. हा बघ, सरळ चाललाय. रॅकमधून आरपार चाललाय की हा!"

खरंच, ठिपका एका ठिकाणी रॅकमधून आरपार गेला होता. त्या क्लिपमध्ये माझी नजर ठिपक्यांच्या रंगांवर होती, त्याची पायांवर.

यावर कुणी म्हणेल, मग आणखी मोजा. मनगटावर पट्टा बांधा, छतावर कॅमेरे लावा, म्हणजे सात मिनिटं भरून निघतील. या उत्तराची मला धास्ती वाटते. कारण तेव्हा चित्राच्या सोयीसाठी माणसाला मोजायचं, असा उलटा क्रम लागतो. पाणी प्यायला गेलेला माणूस नकाशावर लाल होऊ लागला की तो पाणी प्यायला जाणं कमी करेल. डेटा त्यामुळे नितळ होईल, मे महिना मात्र तेवढाच गरम राहील.

ताऱ्यांच्या ढगात आणि गोदामाच्या ढगात हा फरक आहे. ताऱ्याला पुंजक्यात टाकलं काय नि बाहेर काढलं काय, त्याचं काही बिघडत नाही. ठिपका जेव्हा माणूस असतो, तेव्हा तो कसा काढलाय यावर कुणाचा तरी हप्ता, कुणाची तरी पाळी, कुणाची तरी नोकरी अवलंबून असते. आणि हेडसेट ठिपक्याच्या डोक्यावर कधीच नसतो. तो लावणाऱ्याला उंचीवर, हवेत, सगळं एका नजरेत असं दाखवतो. जमिनीवरून हे गोदाम कसं दिसतं, हा पर्याय त्या प्रात्यक्षिकाच्या मेनूत नव्हता. तंत्राला तो अवघड नाही. कुणी मागितला नव्हता.

९४४ मिलिमीटर

जमिनीवरूनच बघायचं तर व्हीआर काय करू शकेल, याचं एक उदाहरण मनात घोळतंय. २६ जुलै २००५ला सांताक्रूझच्या वेधशाळेत २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला. हा आकडा आपण सगळ्यांनी वाचलाय आणि तो डोक्यात शिरत नाही, कारण पाऊस मिलिमीटरमध्ये मोजायचा आणि मिलिमीटर म्हणजे पट्टीवरची बारीक रेघ. हेडसेट लावून एका मोकळ्या मैदानात उभं राहायचं. वाहून न जाता, मुरून न जाता, त्या २४ तासांचं पाणी साचत वर येतंय. घोटा, गुडघा, मांडी. ९४४ला ते माझ्या कमरेशी येऊन थांबेल. आणि हा नुसता पडलेला पाऊस. उतारावरून वाहत येऊन सखल भागात साठलेलं पाणी वेगळंच.

इथे शरीर हीच मापपट्टी आहे, म्हणून भिंतीची उणीव भासत नाही. मिती खरी आहे, उंची खरी आहे, आणि मधे काही अंदाजाने भरलेलं नाही. असं काम खाडीकाठच्या प्रत्येक शाळेत दाखवता येईल. त्याला महागडं यंत्रही नको. २०२३मध्ये जिओने फोन आत बसवायचा हेडसेट १,२९९ रुपयांना आणला होता, आयपीएल बघण्यासाठी. क्रिकेटला चालतो तो पुराला का चालू नये?

म्हणजे व्हीआर नको असं मी म्हणत नाही. कॅलटेकच्या त्या गटातूनच २०१६मध्ये 'व्हर्च्युअलिटिक्स' ही कंपनी निघाली. ती आज स्वतःची ओळख करून देताना एआयचं नाव आधी घेते. बाजाराचं लक्ष चष्म्यांवरून उडालंय, आणि टीका करायला ही बरी वेळ आहे. कारण चष्मे पुन्हा येतील, आणखी हलके, आणखी स्वस्त होऊन. तेव्हा आपल्या नगरपालिकेचं बजेट, आपल्या धरणाचं पाणी, आपल्या गावाची लोकसंख्या कुणीतरी आपल्याला 'आत नेऊन' दाखवेल. देशातली शेवटची पूर्ण झालेली जनगणना २०११ची आहे. त्यानंतरच्या काल्हेरमध्ये किती इमारती उभ्या राहिल्या, ते मी बाल्कनीतून बघत आलेय. जुन्या आकड्यांवरून अंदाजाने भरलेलं गावसुद्धा हेडसेटमध्ये तितकंच झगझगीत दिसेल. तेव्हा आत शिरल्यावर विचारायचं की यातलं मोजलेलं किती आणि भरलेलं किती.

गोदामाच्या प्रात्यक्षिकानंतर मी विक्रेत्याच्या माणसाला एक सूचना केली होती. दोन स्कॅनच्या मध्ये ठिपका चालवू नका, दिसेनासा करा. पुढच्या स्कॅनला पुन्हा उमटू दे. मधल्या वाटेची हवी तर तुटक रेघ दाखवा, म्हणजे बघणाऱ्याला कळेल की इथलं आपल्याला माहीत नाही. कोड फार तर दहा-पंधरा ओळींचा. तो सभ्य माणूस होता, त्याने ऐकून घेतलं, वहीत लिहूनही घेतलं.

मग म्हणाला, "करता येईल मॅडम. पण मग ते रिकामं रिकामं दिसेल."